प्रवासाची आणि वेगाची गाणी लोकांना एवढी का आवडतात?

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, बहुतेक काळ यवतमाळ जिल्ह्यात. तुम्ही प्रश्नातच लिहिलंय की माणसाला वेगाची ओढ असते म्हणून ही गाणी चालतात. मला हे अजिबात पटत नाही. ही गाणी सगळ्यात जास्त कोण ऐकतं? ज्याला कुठंच जाता येत नाही तो.

1991 च्या सुमारास माझी मुक्कामी गाडी दारव्ह्याकडच्या एका गावात असायची. तिथल्या पानठेल्यावर संध्याकाळी विविध भारती लागे. ढोरांचं चारापाणी आटोपून एक सालगडी रोज तिथं यायचा. पन्नाशीचा असेल. रेल्वेचं, मोटारीचं, फटफटीचं कोणतंही गाणं लागलं की तो बोलणं थांबवायचा. सगळी पाठ होती त्याला. तालुक्याच्या बाजारापलीकडं मात्र कधी गेला नव्हता.

त्याची लेक वर्ध्याला दिलेली. तिला पोरगा झाला तेव्हा तो निघाला, आणि नेमकी त्या दिवशी यवतमाळ-वर्धा ड्यूटी माझीच. श्रावण होता. आमचा ड्रायव्हर पाय दाबून चालवणारा. कळंब सुटलं, वर्धा नदीचा पूल जवळ आला, तसा हा सीटवरून उठून माझ्याजवळ आला. "भाऊ, डायवरले हळू घ्यायले सांग ना. मले नदी पाहू दे."

नदी दोन्ही थडी भरून वाहत होती, लाल गढूळ. मी केबिनशी जाऊन सांगितलं आणि ड्रायव्हरनं, खरंच सांगतो, दुसऱ्या गिअरवर पूल ओलांडला. मागून एक जण उशीर होतो म्हणून ओरडला, त्याला मी गप्प बसवलं. गडी खिडकीचा गज धरून वाकून पाहत होता. वर्ध्याला उतरताना मी विचारलं, "काहो, गाणं नाही म्हटलं?" तर म्हणतो, "आठवलंच नाही गा."

तेव्हा माझा साळा काळी-पिवळी जीप चालवायचा, टेप मोठ्यानं लावून. "भाऊजी, तुमच्या लाल डब्यात ना गाणं ना स्पीड, लोक कायले बसतील?" हे मी वीस वर्षं ऐकलं. त्याचं लाडकं गाणं 'जिंदगी एक सफर है सुहाना'. ते 'अंदाज' सिनेमातलं, 1971 चं. त्यात मोटरसायकलवर ते गाणारा राजेश खन्ना पुढं मोटरसायकलच्याच अपघातात मरतो. आणि ते लिहिणारे हसरत जयपुरी आधी मुंबईत बस कंडक्टर होते, महिना 11 रुपयांवर. प्रवासाचं एवढं गाजलेलं गाणं तिकिटं फाडणाऱ्या माणसानं लिहिलं, जीप पळवणाऱ्यानं नाही. दिवसभर माणसं चढताना-उतरताना पाहिली की प्रवास कळतो.

वेग वाईट असं मी म्हणत नाही. बाळंतपणाला अडलेली बाई गाडीत असताना आम्हीही मधले थांबे सोडून गाडी पळवली आहे. आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, नागपूरहून मुंबई जवळ आली, हे चांगलंच झालं. तरण्या पोरांना गाण्यातला वेगच आवडत असेल, त्यांचं मला सांगता येणार नाही.

तुम्ही एकदा पावसाळ्यात यवतमाळहून वर्ध्याला एसटीनं जा. खिडकीची जागा धरा, पूल आला की कानातले इअरफोन काढा. साळेबुवा, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीही चला, दोघांचं तिकीट मी काढतो.