आधी मोज

प्रिय पोरी,

तुझा पाणीबचतीचा आराखडा दोनदा वाचला. भित्तिपत्रकं, शाळांच्या प्रभातफेऱ्या, छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण आणि शेवटी धरणातून जादा आरक्षणाची मागणी. खाली तू लिहिलंयस, ‘सर, काय चुकतंय ते कळत नाही, पण मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवायला मन धजत नाही.’ धजत नाही ते बरंच आहे. तिसऱ्या पानावर तू ‘गळती १५ टक्के’ लिहिलंयस. ती मोजली कुणी?

कुणीच मोजली नसणार, कारण हाच आकडा मीही एकदा लिहिला होता. केंद्राच्या नियमपुस्तिकेत मलनिस्सारण असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरायचे आणि वाया जाणारं पाणी १५ टक्क्यांच्या आत ठेवायचं, असं सांगितलंय. आपण ती मर्यादा उचलतो आणि मोजून आल्यासारखी छापतो. मराठवाड्यातल्या एका गावात मी असाच आकडा टाकून नवी योजना मंजूर करून घेतली. नवी जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), नवे पंप, नवी मुख्य वाहिनी. गावातल्या जुन्या एसी, म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या, पाइपांना हात लावला नाही. दाब वाढला तसे ते एकेक करून फुटत गेले. एवढ्या लांबून आणलेलं पाणी रस्त्याखाली मुरलं आणि बायका तिसऱ्या दिवशीच्या नळाची वाट बघत राहिल्या. तिथला चावीवाला, म्हणजे भागाभागाचे व्हॉल्व्ह उघडणारा माणूस, मला आधीच सांगत होता, ‘साहेब, देवळाजवळची चावी उघडली की मागचा नाला वाहायला लागतो.’ मी मान डोलावली आणि नकाशाकडे वळलो. तो माणूस आता हयात नाही. त्याची माफी मागायची राहून गेली.

म्हणून सांगतो, आधी मोज.

तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे रात्रीची गळती कुठल्याच नोंदवहीत दिसत नाही. तरी ती पकडता येते. एकच जलकुंभ निवड. घरोघरच्या टाक्या भरून झाल्या तरी त्या भागाचं पाणी रात्रभर चालू ठेव, जलकुंभात येणारं पाणी बंद कर आणि पहाटे २ ते ४ दर पंधरा मिनिटांनी पातळी लिही. समजा जलकुंभाचा व्यास १२ मीटर आहे आणि तासाला पातळी १० सेंटिमीटर उतरली. म्हणजे तासाला ११ हजार लिटरहून जास्त पाणी गेलं, तेही गाव झोपलेलं असताना. यात तोट्या नसलेले नळ आणि वाहणाऱ्या टाक्याही येतील. त्यांच्यासाठी चावीवाल्याला घेऊन गल्ल्या फिर. व्हॉल्व्हवर लोखंडी गज टेकवून दुसऱ्या टोकाला कान लाव, फुटका पाइप बोलतो. आणि हिशेब करताना २४ ने गुणू नकोस. पाणी जितके तास चालू असतं तितक्यानेच गुण, नाहीतर पहिल्याच सभेत कुणीतरी तुला खोटं पाडेल.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकूण सुमारे ५ लाख लिटर. गाडी येताना बघून माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वरच्या उदाहरणातला जलकुंभ तेवढं पाणी, चालू असलेल्या ४४ तासांत, वाया घालवतो. हा हिशेब मी सभांमधून मांडत आलोय आणि दरवेळी लोक क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी नव्या धरणाचा विषय काढतो.

पंपाचंही तेच. चालू तास गुणिले पाटीवरचा विसर्ग, हा तुझा उपशाचा आकडा. पंप जुना, आतला पाणी ढकलणारा पंखा (इम्पेलर) झिजलेला. पाटी नवी होती तेव्हाचा तो आकडा आहे. मुख्य वाहिनीतलं एकूण पाणी मोजणारा बल्क मीटर बसव. तोवर जलकुंभ भरायला लागणारा वेळ घड्याळ लावून बघ.

भित्तिपत्रकं नकोत असं मी म्हणत नाही. पण जी बाई भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालते, तिला बचत शिकवायला निघण्याआधी आपल्या खात्याने आपला पाइप बघावा. याबाबत मला तडजोड सुचत नाही, सुचायलाही नको.

मोजल्यावर भांडण होईल, तेही सांगून ठेवतो. एका ठिकाणी मी हट्ट धरला की मुख्य वाहिनीवर मीटर लागल्याशिवाय नव्या जोडण्यांवर सही करणार नाही. माझी बदली झाली. जुने सहकारी अजून म्हणतात, जरा सबुरीनं घेतलं असतं तर निभावलं असतं. मला नाही पटत. सबुरीनं घेऊन एकदा बघितलं होतं, त्याचीच गोष्ट वर लिहिली आहे.

आणि होत नाही असंही नाही. कराडशेजारच्या मलकापूरने घरोघर मीटर लावले, वापर वाढेल तसा चढता दर ठेवला आणि चोवीस तास पाणी दिलं. युद्धातून बाहेर पडलेल्या कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये १९९३ साली ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) यांनी तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आणला. बड्या लोकांच्या घरीही त्यांनी मीटर लावले. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुदत पंधरा दिवसांची आहे म्हणतेस. मुख्याधिकाऱ्यांकडे अजून आठ मागून घे. नाही मिळाले तर तिसऱ्या पानावर ‘गळती मोजलेली नाही’ असं स्वच्छ लिही आणि खाली सही कर.

येत्या शनिवारी रात्रीच कर. चावीवाल्याला आदल्या दिवशी विचार, कुठला भाग निवडायचा ते तोच सांगेल. एकटी जाऊ नकोस, बॅटरी घे. सकाळी आकडे घेऊन फोन कर, मी पाचलाच उठतो.

तुझा,
सर