सिग्नल म्हणजे संकेत, इशारा की संदेश?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी अंडी उबवण्याची पेटी केली आहे. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, तापमान मोजायला एलएम३५ हा सेन्सर आणि रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या बटणामार्फत) बल्ब चालू-बंद करायला आर्डुइनो उनो, म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेला छोटा बोर्ड. फलकावर मुलांनी लिहिले, ‘मायक्रोकंट्रोलर सेन्सरकडून आलेल्या संकेतांवर प्रक्रिया करतो.’ एका सहकाऱ्यांनी ‘संकेत’ खोडून ‘संदेश’ करायला सांगितले, दुसऱ्यांनी ‘सरळ सिग्नल लिहा’ म्हटले. बरोबर काय?

बाई, मुलांचा शब्द बरोबर आहे, तो खोडू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा शब्द त्या पेटीत नेमके काय चालते तेच सांगतो.

‘संदेश’ आधी बाजूला ठेवू. संदेशाला धाडणारा लागतो आणि त्याच्या मनात काही सांगायचे असावे लागते. एलएम३५ला काही सांगायचे नसते. तो तापतो आणि त्याच्या मधल्या पायावरचा (पिनवरचा) व्होल्टेज वाढतो, एवढेच. ‘इशारा’ जवळचा होता, पण आजच्या मराठीत त्याला धोक्याचा रंग चढला आहे. हवामान खात्याचा इशारा म्हटले की आपण छत्री शोधतो. ‘सिग्नल’ मराठीच झाला आहे, यात वाद नाही. पण तो आपल्या बोलण्यात चौकात आणि रुळांवर इतका रुजला आहे की ‘पुढच्या सिग्नलला उतरतो’ म्हणताना तो जागेचे नावच होतो. नववीच्या मुलाला वायरीतून सिग्नल येतो म्हणजे काय येते, हे त्यातून उलगडत नाही.

आता ‘संकेत’. या शब्दाच्या पोटात खुणेच्याही आधी ठराव आहे. काव्यसंकेत, शिष्टसंकेत, सांकेतिक भाषा हे शब्द पाहा, सगळीकडे ‘आपसांत आधी ठरलेले’ हाच अर्थ आहे. संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी ठरवून ठेवलेली जागा. आज तोच शब्द वेबसाइटसाठी रुळला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय दर्शनात, तर अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, या ठरावालाच संकेत म्हटले आहे.

१६६० सालची पावनखिंडीची कथा आठवा. महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा होतील, असे ठरले होते, असे परंपरा सांगते. तोफेचा आवाज शत्रूच्या कानांवरही पडला असेलच, पण त्यांच्यासाठी तो नुसता आवाज होता. बाजीप्रभूंसाठी तो संकेत होता, कारण ठराव त्यांना माहीत होता.

तुमच्या पेटीत असे ठराव एकामागून एक आहेत. पहिला एलएम३५ बनवणाऱ्यांचा, दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट. कोंबडीची अंडी २१ दिवस साधारण ३७.५ अंशांवर ठेवायची असतात, म्हणजे त्या पायावर ३७५ मिलिव्होल्ट हवेत. दुसरा ठराव आर्डुइनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये आहे. ती ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करते आणि आलेला व्होल्टेज कितव्या भागात पडतो तो आकडा देते. ३७५ मिलिव्होल्टला हा आकडा येतो ७६. तिसरा ठराव मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामचा, आकडा अमुकपेक्षा कमी असेल तर बल्ब लाव.

मुलांना एक प्रयोग करून दाखवा, अंडी ठेवण्याआधी. याच चिपमध्ये ५ व्होल्टऐवजी १.१ व्होल्टचा आतला संदर्भ, म्हणजे मोजपट्टीचे वरचे टोक, निवडता येतो. मग एकेक भाग जवळपास १ मिलिव्होल्टचा होतो आणि दशांश अंशापर्यंतचा फरक दिसू लागतो. पण त्याच ३७.५ अंशांना आता आकडा येतो ३४९! पेटी तीच, ऊब तीच. प्रोग्राममधले गणित बदलायचे राहिले, तर त्याच्या लेखी पेटीत १७० अंश आहेत. तो बल्ब बंद करून बसेल आणि पेटी गार पडेल. यंत्रात बिघाड काहीच नाही. ठराव एका बाजूने बदलला आणि दुसऱ्या बाजूला कळला नाही. ‘संकेत’ हा शब्द ज्याला नीट कळला, त्याला ही चूक शोधायला वेळ लागणार नाही.

आणि मायक्रोकंट्रोलरला ‘प्रोग्रामेबल’ म्हणतात, त्याचा मला लागलेला अर्थही हाच, की ठराव बदलता येतो. १९८० साली इंटेलची ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप आली, आपल्याकडच्या डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय एकाच तुकड्यात, हीच मायक्रोकंट्रोलरची ओळख. तीच चिप कपडे धुण्याच्या यंत्रात बसते आणि वजनकाट्यातही, फक्त आत भरलेली आज्ञावली वेगळी. (इथे ‘कार्यक्रम’ लिहू नका, मराठीत कार्यक्रमाला सतरंजी आणि सूत्रसंचालक लागतो. ‘आज्ञावली’ किंवा सरळ ‘प्रोग्राम’.) ‘सूक्ष्मनियंत्रक’ चुकीचा नाही, पण मुले दुकानात मायक्रोकंट्रोलरच मागतात, तेव्हा तोच राहू द्या.

राहिला ‘प्रक्रिया’. शब्द योग्य, पण फारच ढोबळ. सांडपाण्यावरही प्रक्रिया होते आणि अर्जावरही. ५ व्होल्टच्या संदर्भावर तुमचा आकडा ७६ आणि ७७ यांच्यात नाचत असेल आणि रिले टकटक करत असेल. त्याचे एक कारण म्हणजे घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची वायरीत शिरणारी खरखर. तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो. दर मिलिसेकंदाला एक अशी २० रीडिंगे घेऊन सरासरी काढली, की वरचा झोका आणि खालचा झोका एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. यासाठी आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे, निवळणे. गढूळ पाणी थोडे थांबले की निवळते, तसेच हे. चाळणे किंवा गाळणे म्हटले की मध्ये जाळी लागते, इथे फक्त थांबून सरासरी घ्यायची आहे. शिवाय बल्ब लावायचा आकडा आणि विझवायचा आकडा यांत थोडे अंतर ठेवायला सांगा, रिले शांत होईल.

तेव्हा फलकावर मी असे लिहीन: ‘सेन्सर तापमानाचा संकेत व्होल्टेजच्या रूपात देतो. मायक्रोकंट्रोलर त्याचा आकडा करतो, २० रीडिंगांची सरासरी घेऊन तो आकडा निवळून घेतो आणि आज्ञावलीत ठरल्याप्रमाणे बल्ब लावतो किंवा विझवतो.’ जागा उरली तर खाली ७६ आणि ३४९ हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि दोन्हींपुढे ३७.५ अंश.