घरच्या टोमॅटोला कोणते खत? आधी पाकिटावरचे तीन आकडे वाचा

प्रश्न (पुणे) : गच्चीवर पिशव्यांमध्ये संकरित टोमॅटोची सहा रोपे लावली आहेत. दर आठवड्याला प्रत्येक झाडाला चहाचा एक चमचा युरिया आणि मूठभर गांडूळखत देते. झाडे गर्द हिरवी आणि माझ्या खांद्याएवढी झाली, पण फुले येतात आणि देठासकट गळून पडतात. दुकानात 'टोमॅटो स्पेशल' नावाची चार-पाच खते दाखवली. त्यातले चांगले कोणते?

उत्तर : ताई, नवे खत घेण्याआधी युरिया आजच बंद करा. शेतातल्या संकरित टोमॅटोसाठी हेक्टरी ३०० किलो नत्र (नायट्रोजन), १५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १५० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. ९० बाय ३० सेंटिमीटरवर लागवड केली तर हेक्टरी सुमारे ३७ हजार झाडे बसतात. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला पूर्ण हंगामात ८ ग्रॅम नत्र येते. चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम युरिया बसतो आणि युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे तुमचा एक चमचा सव्वादोन ग्रॅमच्या पुढे जातो. चार आठवड्यांत झाडाला हंगामभराचे नत्र मिळून गेले, तेही फुले यायच्या ऐन वेळी. पिशवीतून पाण्याबरोबर थोडे वाहून जाते हे खरे, पण तरी हे फार झाले. नत्र जास्त झाले की झाड पाने आणि फुटवे काढत बसते, फळ धरत नाही. शिवाय अशा लुसलुशीत शेंड्यावर मावा आणि पांढरी माशी लगेच येते.

आता एकदा पिशवीच्या तळाच्या भोकांतून चांगले वाहून जाईल इतके पाणी द्या. पुढचे पंधरा दिवस कोणतेही खत नको. उंच वाढणारे वाण असेल तर पानांच्या बेचक्यातले फुटवे बोटभर असतानाच खुडा. सकाळी फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारा, परागकण झडून फळ धरायला मदत होते. एक लक्षात असू द्या. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४-२५ च्या वर राहिले, तर परागकणच निकामी होतात. त्या दिवसांत फुलगळ कोणत्याही खताने थांबत नाही, शेडनेटची सावली जास्त उपयोगी पडते.

आता निवडीचे. पाकिटावर पुढच्या बाजूला टोमॅटोचे चित्र असते, तिकडे पाहू नका. उलटून मागचे तीन आकडे वाचा. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. १९:१९:१९ मध्ये तिन्ही सारखे असतात. रोप लावल्यापासून पहिली फुले दिसेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, हे पुरते. फुले लागली की १३:००:४५ वर या. यात पालाश भरपूर आणि नत्र बेताचे असते. पालाशने फळ भरते, रंग एकसारखा येतो, चव सुधारते. दोन्ही विद्राव्य खते आहेत. लिटरला २ ग्रॅम विरघळवून झाडाला आठवड्यातून एकदा अर्धा ते एक लिटर पाणी बुंध्यापासून थोडे लांब ओता, आणि तेही माती ओली असताना. कोरड्या मातीत खताचे पाणी दिले तर बारीक मुळ्या करपतात.

'टोमॅटो स्पेशल' पाकिटावर हे आकडेच छापलेले नसतील, तर ते परत ठेवा. दुकानदाराने मोठ्या गोणीतून काढून साध्या पिशवीत बांधून दिलेले खतही घेऊ नका. बंद पाकीट, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, निव्वळ वजन आणि पक्के बिल, एवढे मागायचा तुम्हाला हक्क आहे. कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ चे एक किलोचे पाकीट मिळते. सहा झाडांना ते हंगामभर पुरून उरेल, तेव्हा सोसायटीतल्या दोघी-तिघींनी मिळून घ्या. उघडल्यावर ओल धरून त्याचा गोळा होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा.

रासायनिक खत अजिबात नको असेल तरी टोमॅटो छान येतो, पण मग सगळी मदार गांडूळखताच्या दर्जावर असते. चांगल्या गांडूळखतात किमान १ टक्का नत्र असते. विकत घेताना मूठभर हातात घ्या. रंग काळपट तपकिरी, कण चहाच्या भुकटीसारखे सुटे, वास पहिल्या पावसातल्या मातीचा हवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. पाणी गळले तर तुम्ही ओलाव्याचे पैसे मोजत आहात. शेणाचे किंवा पेंढ्याचे तुकडे ओळखू येत असतील, आंबूस वास येत असेल किंवा पोत्यात हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर खत अजून पिकलेले नाही. शंका आली तर वाटीभर खतात थोडी माती मिसळून मेथीचे दहा-बारा दाणे पेरा. आठवड्यात बहुतेक दाणे तरारून वर आले तर खत वापरायला हरकत नाही. लागवडीच्या वेळी पिशवीतल्या मिश्रणाचा तिसरा हिस्सा असे खत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, नंतर दर तीन आठवड्यांनी एक ओंजळ पुरेशी. कोकोपीट पाणी धरते, माती भुसभुशीत ठेवते, पण त्यात पोषण जवळपास नसतेच. त्याला खत समजून रोपे उपाशी ठेवलेली मी बऱ्याच गच्च्यांवर पाहतो.

प्रश्न (रत्नागिरी) : परसात लाल मातीत टोमॅटो आहे. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. अंड्यांची टरफले घालतो, फरक नाही.

उत्तर : हा बुरशीचा रोग नाही, औषध फवारू नका. वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडले की हा डाग येतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते. एक दिवस माती कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी असे झाले की ते फळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पहिला उपाय पाण्याचा आहे. वाफसा, म्हणजे चिखल न होता मातीत टिकणारी ओल, कायम राहील असे थोडे थोडे नियमित पाणी द्या आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करा.

टरफलांचे म्हणाल तर तुमची जांभ्याची माती आम्ल आहे, तिथे ती हळूहळू का होईना विरघळतात. पण कुस्करून नव्हे, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करून आणि लागवडीच्या दोन महिने आधी घालायला हवीत. या झाडांसाठी आता कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा बुंध्याशी द्या. ते दुसऱ्या खतात कालवू नका, स्फुरद किंवा गंधक असलेल्या खताशी साका होऊन, म्हणजे न विरघळणारा गाळ तळाशी बसून, दोन्ही वाया जातात. डाग पडलेली फळे काढून टाका, ती सुधारत नाहीत. पुढच्या घोसांवर फरक दिसेल.

प्रश्न (सोलापूर) : आमची काळी, चुनखडीची जमीन आहे. परसबागेतल्या टोमॅटोला लाकडाची राख आणि केळीच्या सालींचे पाणी चालेल का?

उत्तर : दादा, राखेत पालाश असते, पण ती मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा (पीएच), वाढवते. कोकणात मूठभर चालेल. तुमच्याकडे सामू आधीच ८ च्या आसपास असण्याची शक्यता आहे, टोमॅटोला ६ ते ७ मानवतो. राखेने लोह आणि जस्त आणखी अडकेल आणि नवी पाने पिवळी पडतील, म्हणून राख घालू नका. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो मिसळा. कच्चे शेण नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी पांढरी अळी, येते. केळीच्या साली भिजवलेल्या पाण्यात पालाश थोडे उतरते, पण झाडाचे भागेल इतके नाही, आणि उघड्यावर ठेवले तर चिलटे होतात. साली चिरून कंपोस्टच्या डब्यात टाका. लागवडीपूर्वी एकदा माती परीक्षण करून घ्या. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणून घेतलेली माती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीतून जवळच्या प्रयोगशाळेत द्या. अलीकडे जिथे खत किंवा राख टाकली असेल, ती जागा नमुन्यासाठी घेऊ नका.