खिशात मावणारी बॅटरी घ्यायचीय, कुठली घेऊ?

प्रश्न: कुंडईला कंपनीत सेकंड शिफ्टला असतो. बस रात्री साडेअकराला तिठ्यावर सोडते, तिथून घरापर्यंत कुळागरातून पंधरा मिनिटं चालत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च, पावसात जाम वैताग येतो. ऑनलाईन 10000 ल्युमेनची झूमवाली बॅटरी 500 रुपयांत दिसतेय, घेऊ का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर: नका घेऊ दादा. साधा हिशोब करा, ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, चांगला एलईडी एका वॅटला साधारण 100 ल्युमेन देतो, मग 10000 ला 100 वॅट झाले, ते बोटाएवढ्या सेलमधून निघणार कुठून, आणि निघाले तरी बॅटरी इतकी तापेल की हातात धरवणार नाही. त्यात झूमचं तोंड पुढेमागे सरकतं आणि त्याच फटीतून पाणी आत शिरतं, म्हणजे आषाढात खेळ खलास. वर झूम केलं की उजेड पडतो माडाच्या शेंड्यावर आणि पायाखाली काळोख!

तुम्हाला पुढची आठ-दहा पावलं दिसली की झालं ना, त्याला 100-150 ल्युमेनचा पसरट उजेड भरपूर. उजेडाचा रंग मात्र बघून घ्या, तो केल्विनमध्ये मोजतात, 6500 केल्विनचा निळसर पांढरा नको, 4000-5000 चा घ्या, कारण निळसर उजेडात वाळकी पानं आणि त्यातलं फुरसं दोन्ही सारखीच राखाडी दिसतात. आणि पावसात बॅटरी कमरेजवळ धरा, डोळ्यांजवळ धरली तर थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो.

सेलचं म्हणाल तर एका डबल-ए म्हणजे पेन्सिल सेलवर चालणारी घ्या, अडीनडीला तिठ्यावरच्या दुकानातही सेल मिळतो. रोजच्यासाठी चार्जिंगचे निकेलवाले सेल ठेवा. अल्कलाईन, म्हणजे एकदा वापरून टाकायचे सेल, घालून विसरू नका, मी विसरलो होतो, जूनमध्ये लाईट गेली म्हणून ड्रॉवरमधली बॅटरी काढली तर सेल फुगून आत चिकटलेला, स्प्रिंगवर पांढरी खरपुडी, शेवटी शेजारणीकडून माडाचं विनेगर आणून कापसाने पुसलं तेव्हा कुठे पेटली. 14500 नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी डबल-ए सारखाच असतो पण 3.7 व्होल्टचा, बॅटरीवर तसं लिहिलं असेल तरच घाला, नाहीतर आतलं सर्किट जळेल.

खोक्यावर आयपीएक्सचा आकडा असतो, बॅटरी पाणी किती सोसते त्याचा; आयपीएक्स 8 असेल तर ती पाण्यात पडली तरी चालते, आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे. उजेड किती लांब पोचतो म्हणून खोक्यावर जे अंतर लिहितात त्याला भुलू नका, चांगल्या कंपन्या ज्या नियमाने मोजतात त्यात 100 मीटर म्हणजे तिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो, बस. बॅटरी किती तास चालते तो आकडाही उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो.

खिशात दाबली जाऊन आपोआप पेटते ही सगळ्यांची तक्रार. मागचं झाकण थोडं सैल करून ठेवा, बऱ्याच बॅटऱ्या तेवढ्याने बंद राहतात.

प्रश्न: दुबईला जातेय, बॅटरीचे जादा लिथियम सेल बॅगेत घातले तर चालतील? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: चेक-इन बॅगेत नाही चालत ताई. हँडबॅगेत घ्या, प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, सुट्ट्या नाण्यांबरोबर पर्समध्ये नको, शॉर्ट होतात.