रुग्णांची बाजू मांडायला नव्याने आला असाल तर

रुग्णालयात रुग्णांची बाजू मांडण्याचं काम नव्याने हाती घेतलंय, तर आलेली तक्रार लगेच फॉर्मच्या रकान्यांत बसवू नका. आधी रुग्णाला पाच मिनिटं मध्येच न तोडता बोलू द्या. मग एवढंच विचारा, "तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय?" अनेकांना कुणाला शिक्षा नको असते, खुलासा हवा असतो. इथेच गल्लत झाली की पुढची सगळी धावपळ वाया जाते.

नोंद रुग्णाच्याच शब्दांत ठेवा. "परिचारिकेने दुर्लक्ष केलं" हा निष्कर्ष झाला. "रात्री २ वाजता बेल वाजवली, ४० मिनिटं कुणी आलं नाही, तोवर चादर ओली झाली" ही नोंद. तारीख, वॉर्ड, हजर कोण होतं, हेही लिहा. अशी नोंद विभागप्रमुखांना सहजासहजी झटकता येत नाही.

केसपेपर पाहण्याआधी रुग्णाची लेखी संमती घ्या. नातेवाईक कितीही कळकळीने बोलत असले, तरी रुग्ण स्वतः ठरवू शकत असेल तर शब्द त्याचाच.

उपचार बरोबर की चूक, हे तुम्ही सांगायचं नाही. त्याऐवजी डॉक्टर येण्याआधी रुग्णासोबत बसून तीन प्रश्न कागदावर उतरवा. डॉक्टर गेल्यावर "समजलं का?" विचारू नका, बहुतेक जण नुसती मान डोलावतात. काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. औषधाच्या वेळेतला घोळ तेव्हाच उघडा पडतो.

तुमचा पगार रुग्णालय देत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाका. उशिरा कळलं की विश्वास उडतो. उत्तराची तारीख द्या, आणि हाती काही लागलं नसलं तरी त्या दिवशी फोन कराच.