‘कायद्याचे राज्य’ आणि ‘कायद्याने राज्य’

कोल्हापुरात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, चीनविषयीच्या मराठी लेखनात हे दोन्ही प्रयोग एकाच अर्थाने आढळतात, तर ते समानार्थी मानावेत काय. माझ्या मते मुळीच मानू नयेत.

‘कायद्याने’ ही तृतीया येथे करण दाखवते: राज्य करणारा दुसराच कोणी असतो आणि कायदा हे त्याच्या हातातील साधन असते. ‘कायद्याचे’ या षष्ठीत मात्र, ‘शाहू महाराजांचे राज्य’ म्हणताना जेथे राज्यकर्ता येतो, तेथे कायदा येतो. करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जो हुकूम निघाला, त्याचे मोल मी फार मोठे मानतो. तरीही तो छत्रपतींच्या अधिकारातून निघालेला हुकूम होता. आज आरक्षणाला राज्यघटनेचा आधार आहे आणि शासनाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, ऑगस्ट २०२५ पासून तर कोल्हापुरातल्याच सर्किट बेंचपुढे.

चिनी भाषेत हा घोळ अधिक सूक्ष्म आहे. ‘कायदेव्यवस्था’ आणि ‘कायद्यानुसार कारभार’ यांसाठीच्या दोन शब्दांचा उच्चार तेथे एकच आहे; फरक दुसऱ्या अक्षरात, पहिल्या शब्दात त्याच्या कडेला सुरीचे चिन्ह, तर दुसऱ्या शब्दात पाण्याचे. त्यामुळे बोलताना ‘सुरीचा’ की ‘पाण्याचा’ असा खुलासा तेथील कायदेपंडितांना करावा लागतो. पाण्याचा शब्द १९९९ च्या दुरुस्तीने चीनच्या राज्यघटनेच्या कलम ५ मध्ये आला आणि २०१८ मध्ये प्रास्ताविकातही सुरीच्या शब्दाची जागा त्याने घेतली. परंतु २०१८ च्या त्याच दुरुस्तीने कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व कलम १ मध्ये नोंदवले आणि राष्ट्राध्यक्षपदावरील दोन मुदतींची मर्यादा काढून टाकली. १९९० पासून लागू असलेल्या कायद्याने चिनी नागरिकाला सरकारी खात्यावर दावा लावता येतो, पक्षाच्या समितीवर नाही. म्हणजे अक्षर बदलले तरी अर्थ तृतीयेचाच राहिला.

२००३ मध्ये ग्वांगझू येथे सुन झिगांग हा तरुण निवासाचा परवाना जवळ नसल्याने पकडला गेला आणि कोठडीत मारहाणीने मरण पावला. ज्या नियमांखाली त्याला डांबले होते, त्यांची घटनात्मकता तपासावी, असा अर्ज शू झियोंग आणि तंग ब्याव यांच्यासह तीन कायदेतज्ज्ञांनी केला. सरकारने ते नियम जूनमध्ये स्वतःच रद्द केले. घटनात्मक तपासणी झालीच नाही. नियम गेले याचा आनंद मोठाच, पण मागितले होते ते याहून अधिक होते. याच शू झियोंग यांना एप्रिल २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हा चीन सरकारच्या धोरणाविषयी लिहिताना ‘कायद्याने राज्य’ आणि या मंडळींच्या मागणीविषयी लिहिताना ‘कायद्याचे राज्य’ असे लिहावे. ‘विधिराज्य’ हा शब्द सुटसुटीत असला तरी या संदर्भात टाळावा. समासात विभक्तीचा लोप होतो आणि विग्रह षष्ठीने करायचा की तृतीयेने, हे वाचकाला कळत नाही.