आधी सातबारा, मग आराखडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाला अंगणवाडी आणि कचरा वर्गीकरणाची शेड मंजूर आहे. आबादीला (गावठाणाला) लागून सव्वा एकर सरकारी जागा निवडली, अंदाजपत्रक झालं, कंत्राटदारही आला. आता वनविभाग म्हणतो, ही झुडपी जंगलाची जागा आहे. तिथे उभ्या आहेत फक्त पाच-सात बाभळी!
(सरपंच, भंडारा जिल्हा)

उत्तर : बाभळी मोजून उपयोग नाही, नोंद काय आहे ते बघावं लागतं. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दप्तरात खुरट्या झुडपांची, ढोरं चारायची हलकी जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिली गेली आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ती नोंद तशीच आपल्याकडे आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी 86 हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी तिला वनच ठरवलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागा वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवायचा आहे. तुमचं काम नवं आहे, त्यामुळे ती वाट तुमच्यासाठी नाही. गावातली जुनी शाळा किंवा स्मशानभूमी झुडपी जागेवर असेल तर मात्र वाटपाचा आदेश, बांधकामाच्या मोजमाप नोंदी, जुने ठराव असा 1996 पूर्वीचा पुरावा आत्ताच गोळा करून तहसीलला द्या.

आता तुमची दोन कामं. अंगणवाडीला वनहक्क कायद्याचं (2006) कलम 3(2) उपयोगी पडतं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर अशा 13 प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी 1 हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. सव्वा एकर म्हणजे अर्धा हेक्टर, तेव्हा क्षेत्राची अडचण नाही. प्रस्ताव विहित नमुन्यात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्या, पुढे तो उपवनसंरक्षकांकडे जातो. हे प्रस्ताव परत येतात ते बहुधा ठरावामुळे. नेहमीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी संख्या चालते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला. सह्यांचं हजेरीपत्रक ठरावाला जोडा.

कचऱ्याची शेड त्या 13 सुविधांत बसत नाही. तिच्यासाठी 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी मागावी लागेल. एका शेडपायी तो खटाटोप करू नका, दुसरी जागा शोधा.

यापुढे जागा ठरवताना अंदाजपत्रकाआधी तीन कागद काढा : चालू सातबारा (‘इतर हक्क’ रकान्यासह), 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद). सातबाऱ्यावर नुसतं ‘सरकार’ असतं आणि खरी नोंद निस्तार पत्रकात सापडते, असं पूर्व विदर्भात नेहमी होतं. वऱ्हाडातल्या वाचकांनी झुडपीच्या जागी ‘ई-क्लास’ (सरकारी चराईची जमीन) बघावं. चराईची जमीन दुसऱ्या कामाला घेताना महसूल संहितेचं कलम 22-अ आडवं येतं.

प्रश्न : नगरपंचायतीच्या प्रारूप विकास योजनेत माझ्या दीड एकर शेतावर खेळाचं मैदान दाखवलं आहे. शेतात 12 वर्षांपासून राहतं घर आहे. लेखी अर्जात काय लिहू?
(एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मुदत आधी बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार हरकतीसाठी राजपत्रातल्या सूचनेपासून 30 दिवस मिळतात. त्या आत अर्ज नगरपंचायतीत देऊन पोच घ्या. वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून एक छापील अर्ज देण्याची पद्धत आहे, ती टाळा. प्रत्येक गट क्रमांकाच्या जमिनीची अडचण वेगळी असते आणि सुनावणीला नोटीस अर्जदाराच्या नावाने निघते.

अर्जात गट क्रमांक, आरक्षणाचा (योजनेत मैदानासाठी जागा राखल्याचा) क्रमांक आणि बाधित क्षेत्र लिहा. सोबत सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, घराची कर आकारणी व वीजबिल जोडा. ‘मी गरीब आहे, अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर नियोजन समितीला काही करता येत नाही, तिला नियोजनातली चूक दाखवावी लागते. तुमचा खरा मुद्दा विद्यमान जमीन वापर नकाशात आहे. कलम 25 खाली केलेल्या त्या नकाशात तुमचं घर दाखवलंय की जागा मोकळी, ते नगरपंचायतीत जाऊन बघा. मोकळी दाखवली असेल तर पाया चुकला म्हणून आरक्षणही चुकलं, हे तारीखवार मांडता येतं. दुसरा मुद्दा पर्यायाचा. जवळ सरकारी किंवा नगरपंचायतीची मोकळी जागा असेल तर तिचा गट क्रमांक आणि क्षेत्र स्वतः लिहून द्या. घराखालचा तुकडा वगळून उरलेल्या जागेत मैदान बसतं का, याचा साधा नकाशाही जोडा. पूर्ण आरक्षण उठवण्यापेक्षा असा बदल समितीला मान्य करायला सोपा जातो.

आरक्षण कायम राहिलंच तर अंतिम योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित न झाल्यास कलम 127 खाली खरेदी सूचना (जागा विकत घ्या नाहीतर मोकळी करा, अशी नोटीस) देता येते. मालकीचे कागद जोडलेली सूचना मिळाल्यावर 24 महिन्यांत कारवाई झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. कागद अपुरे असले की हीच सूचना पुढे वादात सापडते. मोबदल्यात टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या, असंही सुचवलं जाईल. आमच्या मते लहान गावात त्याला गिऱ्हाईक नसतं, म्हणून पैशांचाच आग्रह धरा.

प्रश्न : ग्रामपंचायत विकास आराखड्यात दरवर्षी ‘नाली बांधकाम’ घेतो, तरी सांडपाणी रस्त्यावरच. शोषखड्डेही केले, ते दिवाळीपर्यंत भरले.
(सदस्य, अकोला जिल्हा)

उत्तर : ‘नाली बांधकाम’ हे कामाचं नाव नव्हे. कोणाच्या घरापासून कुठपर्यंत, किती मीटर, शेवटी पाणी कुठे पडणार, हे लिहिलेलं हवं. शेवट ठरवलेला नसला की नाली पाणी एका वाड्यापुढून उचलते आणि दुसऱ्यापुढे सोडते.

शोषखड्ड्यांचं कारण काळी माती. ती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी झिरपायचं थांबतं. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा मुरमात चालतो, भारी काळीत तो नुसता हौद होतो. आधी चाचणी घ्या : एक-दीड फुटाचा खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. जेमतेम बोटभर उतरलं तर तिथे शोषखड्डा नकोच. मुरूम हाती लागत असेल तर तिथपर्यंत खोल जा. नाहीतर घरचं पाणी परसबागेला आणि वस्तीचं पाणी गाळ बसवणारी टाकी करून स्थिरीकरण तळ्याकडे (सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या स्वच्छ होऊ देणारं तळं) न्या. तळ्याची जागा उताराला, विहिरीपासून लांब घ्या. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्याच, त्यांच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको.

पैशांचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के निधी बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) होता, त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. सांडपाण्याचं काम बंधित स्वच्छतेत बसत असताना ते 40 टक्के अबंधितमध्ये टाकणं म्हणजे रस्त्यासाठीचा पैसा नालीत घालणं. तुमच्या जुन्या आराखड्यांत हे झालंय का, तपासा.

प्रश्न : शेजाऱ्याने पांदण (शेताकडे जाणारी वाट) नांगरली. मोकळी झाली तरी पावसाळ्यात बैलगाडी जात नाही.
(वाशीम जिल्हा)

उत्तर : वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करा, पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. रस्ताच नव्हता आणि नवा हवा असेल तर महसूल संहितेचं कलम 143, बांधावरून. चुकीचं कलम लावलं की एक हंगाम जातो. आदेशानंतर भूमि अभिलेखची मोजणी करून खुणेचे दगड आधी रोवा, मुरूम नंतर.

काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर तो पहिल्या पावसात खाली बसतो. उन्हाळ्यात वरचा नरम थर काढा. दोन्ही कडेला चर खणा. मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, रोलरने दाबा. तीन मीटर रुंदीला मधला भाग कडेपेक्षा 6 सेंटिमीटर उंच ठेवा. नाला ओलांडायचा असेल तिथे पाईप टाका, नाहीतर सगळी मेहनत त्या एका जागी वाहून जाईल.

प्रश्न : नकाशे फुकट कुठे मिळतील?
(गोंदिया)

उत्तर : गटांच्या सीमा ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर, उपग्रह चित्र इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर. आबादीचा ड्रोन नकाशा झाला असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. मंजूर प्रादेशिक किंवा विकास योजनेसाठी जिल्ह्यातलं नगररचना शाखा कार्यालय. मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ आणि बुडित क्षेत्र मात्र पडद्यावरच्या नकाशावर विसंबून ठरवू नका, पाऊस भरात असताना जागेवर जाऊन पाण्याची रेघ बघा.